एका सिगारेटचा वेळ

आमच्या वहिनींना कुणी विचारलं, की नवऱ्याची सिगारेट कशी सोडवलीत हो, तर त्या म्हणतात, "मी कुठली सोडवतेय? मी तर दिली त्यांना, या हातांनी." विचारणारा हसतो. त्याला वाटतं, बाई मजेत आहेत. मी मात्र हसत नाही. त्यांनी ती दिली तेव्हा मी तीन पावलांवर उभा होतो आणि मला त्या बाईचा इतका राग आला होता की विचारू नका.

तसा मला राग यायला फार काही लागत नाही. आमची ही म्हणते, तुम्हाला उन्हाचाही राग येतो आणि सावलीचाही. असेल. पण त्या दिवशीचा राग रास्त होता, असं मला आठवडाभर तरी वाटत होतं. मग माझं मलाच कळलं, की मी नुसताच तिथे उभा होतो, बघत मात्र एकट्या वहिनी होत्या.

आम्ही दोघे भाऊ पुस्तकं बांधतो. आधी वडील बांधायचे, मग दादा त्यात शिरला, मग मी. खाली कारखाना, वर घर; मधल्या मजल्यावर आम्ही, त्याच्या वर दादाचं बिऱ्हाड, जेवण मात्र सगळ्यांचं एकत्र. कारखाना हा शब्द आमचा आपला कौतुकाचा. खाली आहेत दोन खोल्या. पुढच्या खोलीत लांब टेबल, कागद कापायचं यंत्र आणि डोक्यावर मोठं चाक असलेला लोखंडी दाब, ज्यात पुस्तकं आवळून ठेवतात. मागच्या खोलीत सरसाची शेगडी, पुठ्ठ्यांच्या थप्प्या आणि गल्लीत उघडणारं मागचं दार. फाटकी पानं सांधणं, शिवणं, कापणं हे माझ्याकडे. सरस आणि पुठ्ठा दादाकडे.

आता या धंद्यातली खरी गोम सरसात आहे. शिवलेल्या पानांच्या पाठीवर गरम सरसाचं पहिलं पुट द्यायचं आणि थांबायचं. बोटाला चिकटत नाही, पण वाकवलं तर तडकतही नाही, अशी एक वेळ येते. नेमक्या त्या वेळी हातोडीने ठोकून पाठ गोल करायची. घाई केली तर पानं सरकून पुस्तक तिरपं होतं. उशीर केला तर पाठ तडकते, आणि पुढे वाचणारा पुस्तक उघडतो तेव्हा ते मधोमध दुभंगतं. मग कापडी पट्टी, मग दुसरं पुट, पुन्हा थांबणं.

हे थांबणं दादा सिगारेटने मोजायचा. पहिलं पुट एक सिगारेट, दुसरं पुट दोन. पुट दिलं की मागच्या दाराच्या पायरीवर जायचं, चौकटीला खांदा टेकायचा, ओढायची, विझवायची, आत यायचं, हातोडी उचलायची. एकतीस वर्षं. त्या चौकटीचा रंग त्याच्या खांद्याच्या उंचीवर पार उडालाय. गिऱ्हाईक आलं तर त्यालाही तो "दोन सिगारेटी थांबा, देतो" असं सांगायचा, आणि गिऱ्हाईक बरोबर तेवढाच वेळ थांबायचं. वडील ओढत नसत. ते हा वेळ कसा ओळखत, ते विचारायचं आमच्या दोघांच्याही राहून गेलं.

आता वहिनी. दोन रस्ते पलीकडे एक पादत्राणांचं दुकान आहे, तिथे त्या बावीस वर्षं कामाला आहेत. भिंतभर खोकी, घोट्याएवढ्या उंचीचा तिरपा आरसा, आणि पाय ठेवायला उतरतं स्टूल. वहिनी जमिनीवर गुडघा टेकून बसतात आणि गिऱ्हाईकाच्या पायात बूट चढवतात. बारा जोड काढून दाखवल्यावर गिऱ्हाईक "जरा फिरून येते" म्हणालं, तरी चेहऱ्यावर सुरकुती नाही. "या ना, मी बाजूला ठेवते." दुकानाचा मालक सांगतो, की ही बाई आजवर कुणाला "हा घ्या" असं म्हणालेली नाही. "चालून बघा" एवढंच म्हणते.

हे सगळं दुकानात. घरात आल्या की वहिनी म्हणजे तोफ. दाराशी वाकडी पडलेली चप्पल, झाकण न लावलेला डबा, दादाचा ओला टॉवेल, माझं मोठ्याने खाकरणं, कशावरूनही बत्ती लागायची. दादा उलट बोलायचा, मग त्या बोलायच्या, मग जिन्यातून आमच्या खोलीपर्यंत सगळं साग्रसंगीत ऐकू यायचं. अर्ध्या तासाने दोघं एकत्र चहा पीत बसलेले. मला या गोष्टीचाही राग यायचा, कारण माझं आणि हिचं भांडण झालं की ते चार दिवस चालतं.

सिगारेट सोडायचे दोन प्रयत्न आधी झाले होते. पहिला अकरा दिवसांचा. बाराव्या दिवशी खळीच्या पिठाच्या डब्यात पाकीट सापडलं, पिठाने माखलेलं. दुसरा चाळीस दिवसांचा म्हणून गाजला, पण त्यातले निम्मे दिवस दादा कामावरून वर येण्याआधी खाली नळावर तोंड धुवायचा आणि बडीशेप चघळायचा. स्वच्छतेची ती एकाएकी आलेली आवड वहिनींच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी मात्र त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ओढलीत त्याचं काही नाही. मला वेड्यात काढलंत, त्याचं वाईट वाटलं." हे मी जिन्यात ऐकलं आणि मला दादाचाच राग आला.

तिसऱ्या खेपेला कारण घडलं ते कामावर. दादा दाबाचं चाक फिरवत होता. रोजचंच काम. अर्ध्या फेऱ्यात थांबला आणि चाक धरून नुसताच उभा राहिला. मला वाटलं, चाक अडकलं. चाक नव्हतं अडकलं. त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि त्याला माझ्याकडे बघायचं नव्हतं. उरलेला फेरा मी फिरवला. त्या दिवशी जेवताना त्याने ताटाकडे बघत सांगितलं, "या खेपेला सोडतो."

वहिनी "बरं" म्हणाल्या. वाढत राहिल्या. मग बसल्या आणि म्हणाल्या, "माझं एकच ऐका. लपवायचं नाही. अगदीच राहवलं नाही, तर विकत घ्यायची नाही, कुणाकडे मागायची नाही. मला सांगायचं. मी देईन."

"तू देशील?"

"देईन. का कशाला विचारणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सिगारेटचं पाकीट विकत घेतलं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने डोळे विस्फारले म्हणे. ते पाकीट आणि एक काडेपेटी पर्सच्या आतल्या कप्प्यात गेली. मला हे कळलं तेव्हा मी हिला म्हणालो, "वहिनींचं डोकं फिरलंय. दारू सोडणाऱ्याच्या उशाला कुणी बाटली ठेवतं का?" ही म्हणाली, "तुम्ही तुमचं बघा."

मी माझं बघितलंच. मदत करायची म्हणून मी मागच्या दारावर आडवी फळी ठोकली, चांगले सहा खिळे मारून. पायरी नाही, तर आठवण नाही, असा माझा हिशेब. पुतणीनेही आपल्या परीने मदत केली. तिने काळ्याठिक्कर फुप्फुसांचे रंगीत फोटो छापून आणले आणि न्हाणीघराच्या आरशावर, फ्रीजवर, दादाच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले. वहिनींनी दुसऱ्या दिवशी ते सगळे काढून तिच्या हातात दिले. "अगं, माणसाला दाढी तरी सुखाने करू दे." माझ्या फळीकडे त्यांनी नुसतं बघितलं.

घरात एकदम शांतता पसरली. ओला टॉवेल गादीवर पडलेला असायचा आणि वहिनी तो गुपचूप उचलून वाळत घालायच्या. दादा चिडका झाला होता, मीठ कमी म्हणून ताट सरकवायचा, आणि वहिनी मिठाची वाटी पुढे करायच्या. मला वाटलं, वय झालं, बाई निवळल्या. चला, तेवढंच बरं.

नेमकं तेव्हाच वाचनालयाचं काम आलं. चौसष्ट जुने ग्रंथ, सगळे जाडजूड, सगळ्यांच्या पाठी गेलेल्या. मी उलगडून शिवून द्यायला लागलो आणि दादाच्या हातून एकामागून एक बिघडायला लागले. पहिला तिरपा झाला. दुसरा तडकला. तिसरा नीट झाला, तो कसा ते त्यालाही कळलं नाही. पुट दिलं की तो टेबलाभोवती येरझारा घालायचा, मध्येच बोट लावून बघायचा, मध्येच हातोडी उचलायचा, ठेवायचा. तीस-एक वर्षांत ज्याला घड्याळाकडे बघावं लागलं नाही, तो माणूस मला दर मिनिटाला विचारायचा, "झाला असेल का रे?"

मी स्वयंपाकघरात वापरतात तसलं टिक्‌टिक् करून घंटा वाजवणारं छोटं घड्याळ आणून दिलं. दहा मिनिटं लावली. घंटा वाजली, दादाने ठोकलं, पाठ अशी सुबक गोल झाली की मी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी तेच घड्याळ, तीच दहा मिनिटं, तोच सरस, आणि सगळी पानं घसरली. तिसऱ्या दिवशी तीच दहा मिनिटं आणि पाठ तडकली. मी घड्याळ बदलून आणलं. मला त्या दुकानदाराचा राग आला. घड्याळात काडीचा दोष नव्हता, हे मला नंतर कळलं.

दादा खचत चालला होता. एकदा सरसाचा ब्रश भांड्यात सोडून तो म्हणाला, "धूर गेला आणि त्याच्याबरोबर हातही गेला माझा. दोन्ही एकदम राहायचं नाही बहुतेक." मी म्हटलं, "वेड्यासारखं बोलू नकोस." पण तोवर बारा ग्रंथ वाया गेले होते आणि मलाही तेच वाटायला लागलं होतं. मागे दोनदा तो घरी नव्हता हरला, इथेच, कामावर हरला होता. चांगला बांधणारा व्हायचं की श्वास पुरणारा माणूस, असा तो सवाल होता, आणि त्याचं उत्तर त्याच्यासारख्या माणसाने कुठल्या बाजूने दिलं असतं, ते मी ओळखून होतो.

चोविसाव्या दिवशी वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई काम बघायला आल्या. शांत, चष्मा लावणाऱ्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी वरचाच ग्रंथ उचलला आणि उघडला. पाठ कडाड्‌कन वाजली. त्यांनी तो मिटला, दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बाकीचे असेच होणार असतील, तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही." त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

त्या गेल्या. दादाने अंगावरचा एप्रन काढून खुंटीला लावला आणि तो सरळ बाहेर पडला. मी त्याच्या मागे. कोपऱ्यावरच्या दुकानाशी तो थांबेल अशी मला खात्री होती आणि तिथे त्याला कवटाळून धरायचं मी ठरवलं होतं. तो थांबला नाही. दोन रस्ते ओलांडून वहिनींच्या दुकानात शिरला. माझ्या हातात हातोडी तशीच होती, हे मला मालकाचा चेहरा बघून कळलं.

वहिनी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पायात बूट चढवत होत्या. दादा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "दे."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. गृहस्थांना म्हणाल्या, "काका, आरशापर्यंत जाऊन या, दोन फेऱ्या मारा. आलेच." मग हात पुसले, पर्स काढली, आतला कप्पा उघडला आणि एक सिगारेट आणि काडेपेटी त्याच्या हातात ठेवली. जसा काही दादाने रुमालच मागितला होता.

"वहिनी!" मी ओरडलो. "शुद्धीवर आहात का तुम्ही?"

"भावोजी, हळू. गिऱ्हाईक आहे." मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "ते आले ना सांगायला? मी आज नाही म्हटलं, तर उद्या येतील का?" आणि दादाला म्हणाल्या, "चला, मागे उभे राहू."

दुकानाच्या मागे रिकाम्या खोक्यांचा ढीग आणि एक चिंचोळी पायरी. दादाने सिगारेट पेटवली. पहिल्याच झुरक्याला इतका खोकला, की डोळ्यांतून पाणी आलं. वहिनी शेजारी भिंतीला टेकून उभ्या. मी हातोडी घेऊन, दोघांवर फुरंगटून. आभाळ भरलेलं होतं, हवा दमट, अंगाला शर्ट चिकटत होता. सिगारेट काही संपेना.

दादा सिगारेटकडे बघत आपल्याशीच म्हणाला, "आज ही संपायची नाही लवकर. असल्या हवेत अशीच रेंगाळते."

"असल्या म्हणजे?" वहिनींनी सहज विचारलं.

"दमट. कागद सादळतो, तंबाखू सादळते. धुमसत बसते नुसती. असल्या दिवशी सरससुद्धा हट्टाला पेटतो, वाळायचं नाव घेत नाही."

"आणि कोरडी हवा असली की?"

"मग काय, चार झुरक्यांत खलास."

"आणि सरस?"

दादाने बोटांतल्या सिगारेटकडे बघितलं. मग आभाळाकडे. माझ्या डोळ्यांपुढे ते टिक्‌टिक् करणारं घड्याळ आलं, ज्याला ऊन-पाऊस, दमट-कोरडं काहीच कळत नाही आणि जे रोज इमानेइतबारे दहाच मिनिटं मोजतं.

मला वाटलं, आता वहिनी पुढचं बोलतील. हे असं आहे, म्हणून आता तुम्ही असं करा. मी असतो तर बोललो असतो, दोनदा बोललो असतो. त्या म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळतंय? मी आपली बूट विकणारी. काका खोळंबलेत." आणि आत निघून गेल्या. दादाने सिगारेट शेवटपर्यंत ओढली, विझवली आणि काडेपेटी परत करायला आत गेला.

त्या दिवशी जेवताना वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, त्या मागच्या दाराने तुमचं काय घोडं मारलंय हो? खाली किती कोंदट होतं." सकाळी उतरलो तर दादा पक्कड घेऊन माझे खिळे उपसत होता.

फळी निघाली, दार उघडलं, हवा आत आली. दादाने सरस तापवला. ग्रंथाच्या पाठीवर पुट दिलं आणि त्याच ब्रशने, त्याच भांड्यातला सरस कागदाच्या एका बोटभर रुंद पट्टीवर ओढला. पट्टी दोन बोटांत धरून तो पायरीवर जाऊन उभा राहिला. चौकटीला खांदा टेकलेला. अधूनमधून पट्टी वाकवून बघायची, अंगठा लावून बघायचा, पुन्हा नुसतंच उभं राहायचं. पट्टीही त्याच हवेत वाळत होती, ज्या हवेत आतला ग्रंथ. गल्लीतून जाणाऱ्या एकाने विचारलं, "काय हो, हे काय ओढताय नवीन?" दादाने त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. मग एकदा पट्टी वाकवली, ती न तडकता वाकली, बोट लावलं, ते न चिकटता सुटलं. तो आत आला, हातोडी उचलली आणि चार घावांत अशी पाठ काढली, की मी ती हातात घेऊन बसलो.

"कुणी सुचवलं रे हे तुला?" मी विचारलं.

"सुचवायला कोण हवंय?" दादा म्हणाला. "माझं मलाच सुचलं काल."

हेच मी वहिनींना सांगितलं, जरा खोचकपणे. त्या हसल्या. "मग बरोबरच आहे. आपण 'हा घ्या' म्हटलेला बूट चावतो. स्वतः उचललेला नाही चावत." मी मात्र त्या दिवसापासून वहिनींसमोर जरा जपून बोलतो. त्या माझ्याशीही असंच काहीतरी करत असणार आणि मला कळत नसणार, असा मला दाट संशय आहे.

पंधरा दिवसांत आमच्या कामाची भाषा बदलली. "दोन पट्ट्या थांबा, देतो." चौसष्टच्या चौसष्ट ग्रंथ झाले, वाया गेलेले बारा पुन्हा उलगडून. ग्रंथपाल बाईंनी एकेक उघडून बघितला. एकही वाजला नाही. शेवटचा मिटून त्या म्हणाल्या, "हा तर मी घरी नेऊन वाचीन." दादा लाजला.

म्हणजे सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. दादा आणखी दोनदा गेला वहिनींच्या दुकानात. एकदा दुसऱ्या महिन्यात, काही कारण नसताना. एकदा पुतणी नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहायला गेली तेव्हा. दोन्ही वेळा वहिनींनी पर्स उघडली. दुसऱ्या वेळी त्याने अर्धी ओढली आणि म्हणाला, "चव गेली हिची." तिथून पुढे मागितली नाही. चाक फिरवताना आता तो पूर्ण फेरा फिरवतो, आणि वर मलाच विचारतो, "दमलास का?"

आणि वहिनी तशाच, मऊ. वर्ष झालं तरी तशाच. टॉवेल उचलायच्या, वाटी पुढे करायच्या, हळू बोलायच्या. जिन्यात काही ऐकू यायचं नाही.

मग एका सुट्टीच्या सकाळी मी चहा पीत होतो. पुतणी दोन दिवस आली होती, ती जिन्यात बसून केस वाळवत होती. आणि वरून आवाज आला. मी कप खाली ठेवला. तसला आवाज मी तेरा महिने ऐकला नव्हता.

झालं होतं असं, की दादाने सरसाचे ब्रश भिजत घालायला वर नेले होते आणि ते वहिनींच्या दुधाच्या पातेल्यात घातले होते. मी धावत वर गेलो. पुतणी माझ्या मागे. वहिनी मधोमध उभ्या, एका हातात ते पातेलं, आणि तोंडाचा पट्टा सुरू. पातेल्यावरून सुरुवात झाली. मग गेल्या थंडीत सरकवलेलं ताट निघालं. मग टॉवेल, एक टॉवेल नाही, सगळे टॉवेल, कुठला कधी कुठे पडला होता त्यासकट. मग त्यांच्या मावशीसमोर दादा काय बोलला होता ते. मग उशीवर तेल. मग "मीठ कमी आहे म्हणायला जीभ आहे, छान झालंय म्हणायला नाही." वर्षभराचं सगळं जसंच्या तसं आत जपून ठेवलेलं होतं, एक दाणा सांडलेला नव्हता.

दादा खाली मान घालून उभा होता.

आणि बोलता बोलता वहिनी थांबल्या. मधल्याच शब्दावर. पातेलं धरलेला हात खाली आला. त्यांनी दादाच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे. मी दारात होतो, मी नकळत बाजूला सरलो आणि मग पुन्हा वाट अडवून उभा राहिलो.

"का थांबलीस?" दादा म्हणाला. "बोल की. अजून चार महिन्यांचं बाकी असेल."

वहिनी मटकन खुर्चीवर बसल्या. "वर्षभर जीव मुठीत धरून गप्प बसले हो मी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. "वाटायचं, माझ्या तोंडून एक शब्द वाकडा जाईल, तुमचं डोकं फिरेल, तुम्ही खाली उतराल, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. नुसतं एवढ्यासाठी. पाकीट द्यायला नाही भ्याले कधी. बोलायला भ्याले."

दादा त्यांच्याकडे बघतच राहिला. तो माणूस आमच्यासमोर कधी रडलेला नाही आणि त्या दिवशीही रडला नाही.

"मला वाटलं, तुझं मन उडालं माझ्यावरून," तो म्हणाला. "तू भांडेनाशी झालीस. मी मुद्दाम टॉवेल टाकायचो गं. दोनदा तर जमिनीवर टाकला. तू आपली उचलायचीस, जशी काही पाहुण्याचा उचलतेयस. सिगारेटचं काही वाटलं नाही मला, ते निभलं. रोज सकाळी उठून हीच भीती, की ही आता कधीच भांडायची नाही माझ्याशी."

पुतणीने माझा दंड घट्ट धरला होता. मी तिला हळूच मागे ओढलं आणि आम्ही दोघं जिना उतरायला लागलो, कारण तिथे आता आमचं काही काम नव्हतं. मला कशाचाच राग आला नाही, हे मी मुद्दाम सांगतो.

निम्म्या जिन्यात असताना वहिनींनी नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "मुद्दाम टाकायचात?"

"हो."

"जमिनीवर?"

"दोनदा."

"आणि मी कंबर मोडून उचलत होते वर्षभर! लाज नाही वाटली?" खुर्ची सरकली. आवाज चढायला लागला, एकेक पायरी, थेट आपल्या जुन्या जागेवर. दादा काहीतरी उलट बोलला. मग नळ सुटला आणि पातेलं घासल्याचा आवाज यायला लागला, आणि त्याच्या वरताण वहिनींचा, गेल्या थंडीपासून पुन्हा सुरुवात करून. खाली आमच्या हिने भिंतीपलीकडून विचारलं, "काय झालं हो वर?" मी म्हटलं, "काही नाही. बरं चाललंय त्यांचं." आणि माझा गार झालेला चहा घेऊन जिन्यातच बसलो, ऐकत.